चार खिडक्या

मशीनमध्ये सगळ्यांचं नाव एकच आहे.
ए ए ए.
घाईत जिथे बोट पडतं ते नाव.
झाशी रोडचा ट्रॉलीवाला ए ए ए,
हजीऱ्याची जिन्यावरून घसरलेली म्हातारी ए ए ए,
मुरारचा तो शाळकरी पोरगा,
ज्याची सायकल अजून चौकीदाराच्या खोलीत आहे,
तोही.

जानेवारीत ग्वाल्हेरला धुकं असं उतरतं
की पहाटे किल्लाच जागेवर नसतो.
तशा रात्री रामहेत कुशवाह आला,
बटाट्याच्या पोत्यांखालून काढलेला,
केसांत माती, गालात अजून तंबाखू.
तीन दहाला तोमरनं प्रोब टेकवला.
उजवीकडे, डावीकडे, ओटीपोटात, काळजावर.
चार खिडक्या, दीड मिनिट.
"क्लिअर," म्हणाला.
मग जेल पुसायला कापूस सापडेना,
शेजारच्या खाटेवर कुणीतरी ओकलं,
आणि ते क्लिअर हवेतच राहिलं.

सहाला मी आले.
यकृत आणि मूत्रपिंडाच्या मध्ये काळी रेघ,
करंगळीएवढी.
नवी? जुनी? वाढतेय?
केसपेपरवर एन ए डी,
खाली ना वेळ, ना सही.
तोमर तोवर डबऱ्याच्या वाटेला,
फोन खिशात, कानावर मफलर.

सिस्टर लीलम्माला विचारलं,
तेव्हा मूत्राशय भरलेलं होतं का?
प्लीहा नीट दिसली होती, की गॅस आडवा आला?
ती म्हणाली,
"मी सलाईन धरून उभी होते, मॅडम.
पडदा तुमच्याकडे असतो."

रामहेत वाचला. आधीच सांगते,
म्हणजे कुणी त्याच्यासाठी पुढे वाचायला नको.
पण चाळीस मिनिटं उशिरा वाचला.
चाळीस मिनिटं त्याची बायको बाकावर
गजकाचा पुडा उघडत होती,
बांधत होती,
पुन्हा उघडत होती.

रेकॉर्ड रूमचे शितोळेकाका, निवृत्तीला सात महिने.
म्हणाले, माझा पणजा संस्थानच्या पागेत कारकून.
कुठला घोडा लंगडतो, कुठल्या पायानं,
कधीपासून, कुणी पाहिलं,
सगळं वहीत.
घोड्यांचं होतं, डॉक्टरीणबाई.

आम्ही अर्धं पान आखलं.
वेळ. हात कुणाचा.
खिडक्या चार, आणि प्रत्येकीपुढे तीन घरं:
आहे.
नाही.
दिसलं नाही.

भांडण झालं ते तिसऱ्या घरावरून.
मोठे सर्जन म्हणाले, रात्री दोनला माणूस मरतोय
आणि तुम्ही व्याकरण काय शिकवता?
नाही आणि दिसलं नाही, फरक काय?
काका फायलींना दोरी बांधत होते.
मान वर न करता म्हणाले,
"साहेब, आज सकाळी किल्ला दिसला नाही."

पहिला आठवडा पानं कोरी.
दुसऱ्या आठवड्यात एका बहाद्दरानं
सकाळी आठला, एकाच पेनानं, एकाच दमात
अकरा पेशंटांना अकरा वेळा "नाही" लिहिलं.
मी काही बोलले नाही. बोलायला हवं होतं.
चिकटवलेले फोटो उन्हाळ्यापर्यंत फिके पडले;
आता मोबाइलवर उतरवून ठेवतो,
तेही कधी विसरतो.

परवाचं पान मात्र तोमरच्या अक्षरात, वाकडंतिकडं:
दोन पन्नास. डावी खिडकी, दिसलं नाही.
बरगडी मोडलेली, दाबता येईना.
अर्ध्या तासानं पुन्हा बघावं.
खाली, तीन वीस. दुसरा हात. दुसरी शाई.
आहे.

आणि मशीनवर, लीलम्माच्या एका बोटानं,
अक्षर शोधत शोधत टाकलेलं नाव:
कमला,
पुढे दोन ए जास्तीचे.